सोनामुखी जरा जपूनच

ताई, पोट साफ राहावं म्हणून त्रिफळ्यात सोनामुखी घालून रोज घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, रोज नको. सोनामुखी आतड्याला ढोसून कामाला लावते. महिनोन्‌महिने घेतली की मग तिच्याशिवाय पोट हलेनासं होऊ शकतं, शरीरातलं पोटॅशियमही उतरू शकतं.

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात आजी त्रिफळ्यासाठी हिरडा, बेहडा, आवळा समभाग घ्यायची. हिरडा-बेहड्याची बी फेकायची, फक्त साल कुटायची. खलबत्त्यातून उडणाऱ्या भुकटीनं घसा असा तुरट व्हायचा की पाणीसुद्धा गोड लागायचं! फारच अडलं तर बाहव्याच्या शेंगेतला काळा, चिकट गर, तोही एखाद्याच दिवशी.

गुळवेलीबद्दलही सांगतो. कडुनिंबावर चढलेली चांगली मानतात, पण आधी वेल ओळखा. खरीची साल पापुद्र्यासारखी सुटते. खोडावर गाठीच गाठी असतील तर ती तिची बहीण, म्हणजे तिच्यासारखी दिसणारी दुसरीच वेल, घेऊ नका. 2022 मध्ये आयुष मंत्रालयानंही हा फरक सांगितला होता. यकृताचा त्रास असेल तर खरीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

आणि गरोदर बाईला यातलं काहीच आपल्या मनानं देऊ नका.