मदत हवी आहे: गंगापूरच्या बॅकवॉटरला लागलेली बेवारस बोट, तिचं इंजिन काढावं का आणि कसं?

बागायतदार_गिरणारे

नमस्कार मंडळी. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला आमचं थोडं गाळपेराचं रान आहे. पाणी उतरेल तसं खाली खाली सरकत पेरत जायचं, हे दरवर्षीचंच. यंदा द्राक्षकाढणी उरकून तिकडे गेलो तर वाफ्यांच्या खालच्या अंगाला एक बोट उघडी पडलेली. फायबरची, चौदा-पंधरा फुटी, एका कुशीवर कललेली. नाक कोरड्यात आणि बूड अजून पाण्यात. मागे इंजिन आहे, बाहेरून अडकवतात तसलं. त्याचं डोकं पाण्याखालीच आहे. हात घालून बघितला तर झाकण शाबूत लागलं, पण खालचा पाय सगळा गाळात.

गावात विचारलं, कोणाचीच नाही. इथले मासेमारीवाले वल्ह्याच्या होड्या नाहीतर ट्यूब वापरतात, इंजिन परवडतंय कोणाला. बोटीवर नाव नाही. रंगाचे दोन-तीन पोपडे आहेत, तिथे काही लिहिलेलं असेल तर ते गेलं.

मला बोटीत रस नाही, तळाला हात जाईल एवढं भगदाड आहे. इंजिन मात्र वाया जाईल असं वाटतं. हे काढून आणलं तर चोरी होते का? पावसाळ्यापासून पाण्यात असलेल्या इंजिनात काही जीव उरला असेल का? आणि तिसरं, माझा मेव्हणा म्हणतो ह्याचा पंप करून टाकू, रानाला पाणी होईल. हे जमण्यासारखं आहे का?

रोज वीतभर तरी पाणी मागे सरतंय. घाई करू की नको, तेच कळेना.

आगाऊ_कार्टं

फोटो टाका की राव. आणि मेव्हण्याला आधी सांभाळा, बोट नंतर.

बंदरावरचा

एकच विचारतो. इंजिन अजून पाण्यातच आहे ना? मग बाहेर काढू नका. उद्या लगेच तर नकोच.

लोकांना उलटं वाटतं, की पाण्यात सडतंय म्हणजे पटकन काढून उन्हात वाळवावं. आमच्याकडे रत्नागिरीला ओबीएम (आउटबोर्ड मोटर, म्हणजे तुमच्यासारखं बाहेरून अडकवायचं इंजिन) बुडालं तर जुने मिस्त्री पहिलं वाक्य हेच सांगतात: उघडायची तयारी असेल तेव्हाच वर काढ. पूर्ण पाण्याखाली असतं तोवर लोखंडाला हवा कमी मिळते, गंज सावकाश चढतो. बाहेर आल्यावर ओलं लोखंड आणि मोकळी हवा एकत्र आली की बेअरिंगं, क्रँक, रिंगा काही तासांत लाल व्हायला लागतात. तुमचं नशीब एवढंच की पाणी गोडं आहे. खाऱ्यात एवढे महिने गेले असते तर मी सरळ भंगाराचा रस्ता दाखवला असता.

म्हणून तुमची खरी अडचण ते वीतभर पाणी आहे. डोकं उघडं पडायच्या आत निर्णय घ्या. आणि काही झालं तरी दोरी ओढून बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाळ असेल तर तो सगळीकडे घासत फिरतो. मोह होतो माणसाला, हे माहीत आहे म्हणून सांगतो.

कोर्टरोड

कायद्याचं मी लिहितो. हा सल्ला धाग्यापुरता, वकीलपत्र नव्हे.

सापडलेली वस्तू उचलणं हा आपोआप गुन्हा होत नाही. जपून ठेवायला किंवा मालकाला परत द्यायला उचलली तर हरकत नाही. पण मालक माहीत असताना, किंवा त्याला शोधायचा वाजवी प्रयत्न न करता, पुरेसा वेळ न देता ती आपल्या वापराला लावली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागतं. पूर्वी हेच भादंवि ४०३ होतं. शिक्षा कमीत कमी सहा महिने, दोन वर्षांपर्यंत, वर दंड. तुमच्या मेव्हण्याचा पंप थेट ह्यात बसतो.

दुसरी बाजू अशी. १८७२च्या करार कायद्याचं कलम ७१ म्हणतं की वस्तू सापडून ताब्यात घेतली की तुमची जबाबदारी अमानतदाराची. म्हणजे स्वतःची वस्तू जशी सांभाळाल तशी सांभाळायची. इंजिन गंजू न देणं ही त्या जबाबदारीचाच भाग आहे, फक्त कागद आधी झाला पाहिजे. कलम १६८ प्रमाणे सांभाळायला आणि मालक शोधायला झालेला खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते, पण त्या खर्चासाठी मालकावर दावा लावता येत नाही, त्याने बक्षीस जाहीर केलं असेल तर गोष्ट वेगळी. १६९ मध्ये विकायची मुभा आहे, पण तिच्या अटी कडक आहेत. मालक सापडत नाही किंवा खर्च देत नाही, आणि वस्तू खराब होऊन किंमत जाणार आहे किंवा खर्च किमतीच्या दोन-तृतीयांशावर गेलाय, अशी परिस्थिती लागते.

आणखी एक. ती जागा जलसंपदा विभागाची. गाळपेराला दिली म्हणून तिथे पडलेलं सगळं तुमचं होत नाही. तेव्हा हद्दीच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, प्रत शाखा अभियंत्याला, पोचेचा शिक्का घ्या. पंचनामा होऊ द्या. अर्जातच लिहा की पाणी उतरतंय, इंजिन खराब होईल, मी सांभाळायला तयार आहे. पुष्कळदा सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करतो असं लिहून घेऊन, देतात, कारण ठाण्याच्या आवारात ते ठेवणार कुठे? जप्त गाड्यांनीच आवार भरलेलं असतं.

कडू गोष्टही सांगून टाकतो. पोलिसांनी रीतसर ताब्यात घेतलं आणि मालक कळला नाही, तर न्यायदंडाधिकारी जाहीरनामा काढतात. दावा सांगायला सहा महिन्यांची मुदत, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ५०३. तेवढ्यात कोणी आलं नाही तर वस्तू सरकारच्या अखत्यारीत जाते. ज्याला सापडली त्याला मिळतेच असं नाही. लिलाव झाला तर बोली लावा.

रानवारा

म्हणजे मेहनत ह्यांची, गाळ ह्यांच्या अंगाला आणि माल सरकारजमा. मग कोण कळवेल हो?

कोर्टरोड

@रानवारा, कळवलं नाही आणि उद्या ते इंजिन कुठल्या बचाव पथकाचं निघालं तर? गिरणाऱ्याचा माणूस बिनकागदाचं ओबीएम विकायला मुंबईला भाऊच्या धक्क्यावर गेला, तर पहिला प्रश्न हाच की आलं कुठून.

बागायतदार_गिरणारे

सगळ्यांचे आभार. अर्ज दिला, पोच मिळाली. ठाण्यातले हवालदार उद्या-परवा येतो म्हणालेत.

तोवर नंबर मिळतो का बघायला पुन्हा पाण्यात उतरलो. बोटीच्या फळीला ज्या दोन पकडींनी इंजिन धरलंय, त्यातल्या डाव्या पकडीवर एक पत्र्याची चिठ्ठी आहे. पाणी गढूळ, दिसत काही नाही. मुलाच्या दात घासायच्या ब्रशने गाळ काढला आणि अंगठा फिरवला तर उठावाचे आकडे बोटाला लागले. पहिले पाच नीट वाचता आले, पुढे पत्रा खाल्ल्यासारखा झालाय. पकडीच्या मुठी फिरत नाहीत. आणि फळीतून आरपार दोन बोल्ट आहेत, त्यांच्या नटांवर गंजाचा गोळा झालाय.

आता हे सुटणार कसं? आणि वजन किती असेल? पाय गाळात मांडीपर्यंत जातो तिथे.

सातपूर_टूलरूम

नट सोडवत बसू नका. ब्रॅकेट ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचे किंवा स्टेनलेसचे. दोन धातू ओल्यात एकमेकांना धरून बसतात. घण मारलात तर बोल्ट हलणार नाही, ब्रॅकेट तडकेल, आणि ते ब्रॅकेट महाग. बोट तशीही गेलेली आहे, मग फळीच कापा. पंचनाम्यात तेवढं नोंदवून घ्या. पकडीच्या दोन्ही बाजूंनी हातकरवतीने फळीचा तुकडा काढायचा आणि इंजिन त्या तुकड्यासकट उचलायचं. बोल्ट मग घरी सावकाश, तेल पाजून, गरम करून. ग्राइंडर नेऊ नका, पाण्यात उभं राहून वीज नको आणि पेट्रोल सांडलेलं असू शकतं.

वजन इंजिन किती अश्वशक्तीचं आहे त्यावर. आठ अश्वशक्तीचं सत्तावीस-अठ्ठावीस किलो, पंधराचं चाळीसच्या आसपास. वर गाळाचं. तीन बांबूंचं तिकाटणं आणि चेनपुली लावा, पायाखाली फळ्या टाका. ट्रॅक्टरने दोर बांधून ओढायचा विचार असेल तर सोडून द्या. गाळ पाय धरून ठेवतो, ओढाल तर मधली नळीच वाकेल.

बंदरावरचा

सगळ्यात आधी पेट्रोलची टाकी काढा. लाल सुटी टाकी असेल बोटीत, नळीचा खटका दाबला की सुटते. झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद करून मग उचला. नाशिक पितं ते पाणी, त्यात टू-स्ट्रोकचं तेल नको.

आणि काढायच्या आधी दोनशे लिटरचा ड्रम स्वच्छ पाण्याने भरून ट्रॉलीवर उभा करा. बाहेर आलं की झाकण काढून नळीने गाळ धुवा, आणि इंजिन डोक्याकडून, उलटं, त्या ड्रममध्ये. उघडायला बसेपर्यंत तिथेच राहू द्या. घरी ड्रमात लोणच्यासारखं मुरवत ठेवलेलं इंजिन बघून बायको काय म्हणेल ते तुमचं तुम्ही बघा.

उघडताना: प्लग काढा, प्लगची भोकं खाली येतील असं आडवं धरा, पाणी ओता. मग फ्लायव्हील, म्हणजे डोक्यावरचं जड चाक, हाताने हळूच फिरवा, वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच. उलटं फिरवलं तर पाण्याच्या पंपाच्या रबरी पाकळ्या मुडपतात. कुठे अडकलं तर थांबा. जोर लावायचा नाही, डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीचं तेल) मिसळून प्लगच्या भोकातून सोडा आणि मुरू द्या. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-तेलाचं मिश्रण क्रँककेसमधूनच जातं, त्यामुळे तिथे गाळ शिरला असेल तर नुसतं धुऊन भागत नाही. तुमच्या वर्णनावरून डोकं पूर्ण उघडावं लागेल असंच वाटतं.

खालच्या गिअरपेटीला दोन स्क्रू असतात. खालचा आधी, मग वरचा. तेल दुधाळ आलं तर सील गेलंय. नवं तेल भरताना खालच्या भोकातून, वरून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते.

सातपूर_टूलरूम

पंपाचं राहिलंच. मेव्हण्यांना सांगा, ह्या इंजिनाला थंड करायला पाणी त्याच्या पायातूनच वर येतं. पाय काढलात तर ते मिनिटभरात भाजेल. पाय ठेवलात तर शाफ्ट उभा, खाली गिअर, त्याला पंप जोडायचा कुठे? जोडलाच तरी पंधरा अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला तासाला पाच-सहा लिटर पेट्रोल पितं. त्या पैशात टँकर येईल.

आगाऊ_कार्टं

मेव्हण्याचा विषय मिटला. पुढे बोला.

बागायतदार_गिरणारे

खबर देतो. पंचनामा झाला. हवालदारांनी फोटो काढले, पाच आकडे लिहून घेतले, फळी कापायचं नोंदवलं आणि सुपूर्दनामा करून इंजिन माझ्याकडे दिलं. वापरायचं नाही, विकायचं नाही, बोलावलं की हजर करायचं. मान्य केलं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही कागद लावलाय.

इंजिन सांगितल्याप्रमाणेच काढलं. पंधराचं निघालं. गावातल्या बुलेटवाल्या मिस्त्रीला घेऊन उघडलं. फ्लायव्हील आधी हललंच नाही, एटीएफ मुरल्यावर पाव फेरा आलं, मग हळूहळू पूर्ण. वरचा सिलिंडर चांगला आहे, खालच्यात गंजाची एक रेघ. क्रँककेसमध्ये चमचाभर बारीक गाळ होता, पीठच. गिअरपेटीचं तेल मात्र हिरवं, स्वच्छ. मिस्त्री म्हणतो बेअरिंगं बदलावी लागतील.

आता विचारायचं असं की बेअरिंगं आत्ताच आणू का? आणि तेल बाइकचंच टूटी (टू-स्ट्रोकचं) चालेल ना?

कोर्टरोड

खर्च करू नका. सांभाळण्यापुरता खर्च वेगळा आणि दुरुस्ती वेगळी. मालक उगवला आणि म्हणाला मला दुरुस्ती नको होती, तर बिल तुमच्या गळ्यात. आत्तापर्यंतच्या पावत्या मात्र जपा.

बंदरावरचा

बरोबर. बेअरिंगं राहू द्या. सगळं कोरडं करून, भरपूर तेल चोपडून परत जोडा, प्लग लावून भोकं बंद करा. अधूनमधून फ्लायव्हील अर्धा फेरा फिरवत जा.

तेल बाइकचं नको. पुढेमागे चालवायची वेळ आली तर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं बोटीचं तेल घ्या. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी ते वेगळं बनवतात, राख धरत नाही. एरवी पेट्रोलच्या लिटरला वीस मिली, नव्या बेअरिंगांवर सुरुवातीला चाळीस. आणि पहिल्यांदा चालवाल ते ड्रमात, पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडेल एवढ्या पाण्यात. कोरडं सेकंदभरही नाही.

ठेवताना उभं ठेवा, पाय खाली. आडवं ठेवायची वेळ आली तर डोकं पायापेक्षा उंच. नाहीतर पायात राहिलेलं पाणी धुराड्याच्या वाटेने परत सिलिंडरमध्ये जातं.

बागायतदार_गिरणारे

उभंच ठेवतो. द्राक्षाच्या मांडवाचे जुने अँगल पडलेत, त्यांचा घोडा करून देतो म्हणालाय मेव्हणा.