मदत हवी आहे: बाण सतत उजवीकडे जातात, कोणते बाण आणि कोणती पिसे घ्यावीत?

पादरा_रस्ता
गेले दोन महिने मी दर रविवारी बडोद्याजवळच्या पादऱ्यापाशी आमच्या शेतावर धनुर्विद्येचा सराव करतो आहे आणि आता पुरता वैतागलो आहे. धनुष्य चाळीस पौंडांचे (म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागणारे), सुटे होणारे रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले आहे. बाण कार्बनचे आहेत आणि त्यांच्या शेपटाला पिसांऐवजी प्लास्टिकची पाती आहेत. पंधरा मीटरवरून चिंध्या भरलेल्या गोणपाटावर मारलेला प्रत्येक बाण मध्यापासून वीतभर उजवीकडे लागतो, आणि तोही सरळ न रुतता शेपूट एका बाजूला टाकून तिरका रुततो. ऑक्टोबरात मी ओहायोला मेहुण्यांकडे जाणार आहे. ते दर हंगामात परवाना काढून धनुष्याने हरणाची शिकार करतात आणि यंदा मलाही सोबत नेणार आहेत. कोणते बाण आणि कोणती पिसे घ्यावीत, एवढेच कृपया लवकर सांगावे. ‘नेम नीट धरा’ हा सल्ला घरात रोज मिळतो, तो इथे नको.

शरसंधान
नमस्कार. आपण दिलेल्या माहितीवर बाण सुचवणे म्हणजे मापे न घेता अंगरखा शिवण्यासारखे होईल. बाणावर ३४०, ४००, ५०० असा एखादा आकडा छापलेला असेल, तो कोणता आहे? बाणाची लांबी किती, टोकाचे वजन किती ग्रेन (बाणांसाठी वापरायचे वजनाचे लहान माप), आपली स्वतःची ओढ किती इंच, म्हणजे दोरी किती मागे येते, आणि बाण आपण कशावर टेकवता, हे कळल्याखेरीज काहीही विकत घेऊ नये.

ठाम_मत
एवढ्या चौकशीची गरज नाही. बाण उजवीकडे जातो याचा अर्थ कांडी मऊ पडते आहे. माझ्या कंपाउंडवर, म्हणजे चाकांच्या धनुष्यावर, हेच झाले होते. बाण दीड इंच कापून घेतले आणि प्रश्न मिटला. आपणही कापून टाका.

पादरा_रस्ता
बाणावर ४०० लिहिले आहे. ते मेहुण्यांच्या साठ पौंडी कंपाउंडचे उरलेले बाण आहेत. लांबी २८ इंच आणि टोक १०० ग्रेनचे आहे. ओढ कधी मोजली नव्हती. आत्ता पत्नीने शिवणाच्या टेपने मोजली, ती २६ इंच भरली. बाण थेट धनुष्याच्या शेल्फवरूनच, म्हणजे मुठीवरच्या खाचेवरूनच सोडतो, वेगळे काही लावलेले नाही.

शरसंधान
तर मग कृपया कापण्याची घाई करू नका, कारण इथे हिशेब उलटा येतो आहे. धनुष्यावर लिहिलेले वजन २८ इंच ओढीचे असते. एक इंच ओढ कमी झाली की साधारण दोन-अडीच पौंड घटतात, म्हणजे आपल्या हातात प्रत्यक्षात पस्तीस-छत्तीस पौंडच येतात. ४०० या आकड्याचा अर्थ असा, की कांडी २८ इंचांवर दोन आधारांवर ठेवून मध्ये ८८० ग्रॅम वजन टांगले असता ती ०.४०० इंच वाकते; आकडा जितका लहान, तितकी कांडी ताठ. छत्तीस पौंडांना ही कांडी फारच ताठ आहे. ताठ बाण डावीकडे जायला हवेत, आणि आपले उजवीकडे जात आहेत. काहीतरी सांगायचे राहिले आहे.

ठाम_मत
पुस्तकातल्या नियमापेक्षा गोणपाट खरे बोलते. बाण उजवीकडे लागतो आहे, म्हणजे तो मऊच आहे.

नर्मदातीर
मी इंदूरचा. नोकरीनिमित्त झाबुआ-अलीराजपूर भागात बरेच हिंडलो आहे. तिथले भिल्ल नेमबाज बांबूच्या धनुष्याला बांबूच्याच चिवट पट्टीची दोरी लावतात आणि बाणाला पिसे दोऱ्याने आवळून बांधतात. ना कुठला आकडा, ना टेप, आणि अंगठा न लावता असा नेम साधतात की पाहत राहावे. आपल्याला तर छोटा उदेपूर जवळच आहे. तिथल्या एखाद्या जाणत्या राठवा कारागिराकडे जा, आणि पिसे मोराची लावा. शेतात पडलेली मिळतातच.

कायदा_बघा
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, हे कोणी बोलतच नाही. मोर त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. गळालेली पिसे घरात ठेवण्याला सूट असली, तरी ती परदेशी नेता येत नाहीत, आणि हा बाण तर ओहायोला निघाला आहे. घार किंवा गिधाड यांच्या पिसांचा तर विचारही करू नये.

पादरा_रस्ता
शिकार इथे करायची नाही, इथे फक्त गोणपाट मरते आहे. नर्मदातीर यांनी लिहिलेले वाचायला आवडले, परंतु माझा प्रश्न कार्बनच्या बाणांचा होता.

शरसंधान
एक शंका रात्री झोपताना आली. आपण धनुष्य कोणत्या हातात धरता?

पादरा_रस्ता
उजव्या. मी डावखुरा आहे. धनुष्यही डावखुऱ्यांसाठी बनवलेले आहे, त्यामुळे हे वेगळे सांगण्याची गरज वाटली नाही.

शरसंधान
गरज फक्त तेवढीच होती! डावखुऱ्याचा ताठ बाण उजवीकडे जातो; आपले गोणपाट पहिल्या दिवसापासून खरेच बोलत होते. ठाम_मत यांचा सल्ला मानून आपण बाण कापले असते, तर ते आणखी ताठ होऊन आणखी उजवीकडे गेले असते.

बाण सुटताना दोरीच्या धक्क्याने आधी वाकतो आणि धनुष्याला वळसा घालून मग सरळ होतो. फार ताठ कांडीला तो वळसा घेताच येत नाही. टोक जड केले की कांडी जास्त वाकते, म्हणून आधी टोके बदलून पाहा. माझ्याकडे १५० आणि २०० ग्रेनची आहेत. बडोद्यात रावपुऱ्यात येऊन घेऊन जा.

तिरके रुतण्याचे एक कारण आपली प्लास्टिकची पातीही असावीत. शेल्फवरून सुटणाऱ्या बाणाचे कडक पाते शेल्फला आपटते आणि शेपूट उडते, तर पीस दबून निघून जाते. टर्कीची चार इंची तीन पिसे किंचित पिळून लावा, म्हणजे बाण लवकर फिरू लागेल. शिकारीच्या बाणाला मोठी पिसे लागण्याचे कारण असे, की टोकाची रुंद पाती पुढच्या बाजूला पंखासारखी वारा पकडतात आणि त्यांना आवरण्याचे काम मागच्या पिसांनाच करावे लागते. चिकटवण्यापूर्वी कांडी स्पिरिटने पुसा. पिसाच्या देठाचे पुढचे टोक घासून निमुळते करा आणि त्यावर गोंदाचा एक थेंब ठेवा, नाहीतर सुटताना ते हाताला चरचरीत कापत जाते. माझ्या बोटावर अजून वण आहे.

आणि प्रत्येक वेळी बाण लावण्यापूर्वी तो कानाजवळ धरून हलका वाकवून पाहा. जरासा जरी कडकड आवाज आला, तरी तो बाण मोडून फेकून द्या, कारण तडकलेला कार्बन सुटताना फुटून थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसतो.

ठाम_मत
डावखुरेपणाचे मला कोणी सांगितले नव्हते. तथापि डावखुऱ्याने उजव्या पंखाचीच पिसे घ्यावी लागतात, हे विसरू नये.

शरसंधान
तसा नियम नाही. पिसे डाव्या पंखाची असोत वा उजव्या, दोन्ही चालतात. एकाच बाणावर दोन्हींची सरमिसळ मात्र करायची नाही आणि पीळ पंखाच्या नैसर्गिक वळणाच्या दिशेनेच द्यायचा.

क्लीव्हलंडकर
मूळचा बडोद्याच्या दांडियाबाजारातला, आता ओहायोत. सगळ्यांच्या लक्षात आणून देतो की इथे हरणासाठी धनुष्याचा जोर किमान ४० पौंड लागतो. आपल्या हातात छत्तीस येत असतील, तर नियमाचे राहू द्या, हरणाच्या दृष्टीनेही ते योग्य नाही. जखमी होऊन रात्रभर झाडीत पडलेले हरीण शोधण्याचा अनुभव कोणाला येऊ नये. धनुष्य सुटे होणारे आहे, तर फक्त लिम्ब्ज, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, ४५ पौंडांचे घ्या, म्हणजे २६ इंचांवर चाळीसच्या आसपास मिळतील. बाण त्यानंतर. टोक स्थिर पात्यांचे, चांगली धार केलेले असावे. लागल्यावर उघडणारी पाती एवढ्या जोराला झेपत नाहीत. सरावाचे टोकही त्याच वजनाचे ठेवा. परवान्यापूर्वी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम आपल्याला लागू आहे का, हेही मेहुण्यांना आत्ताच विचारून ठेवा.

पादरा_रस्ता
रविवारचा वृत्तान्त देतो. शरसंधान यांच्याकडून टोके आणली आणि दोन बाणांना पिसे लावली. तिसऱ्याला मुद्दाम काहीच लावले नाही. १५० ग्रेनला फरक जेमतेम दिसला. २०० ग्रेनला पिसांचे दोन्ही बाण मध्यापासून चार बोटे उजवीकडे, पण अगदी सरळ रुतले. बिनपिसांचा मात्र अजूनही हातभर उजवीकडेच जातो, म्हणजे ४०० ची कांडी माझ्यासाठी नाहीच. मेहुण्यांशी बोललो, त्यांच्याही लक्षात मी डावखुरा असल्याचे नव्हते. लिम्ब्ज ४५ चे मागवले आहेत. ते येईपर्यंत बाण घेत नाही. आले की ५०० आणि ६०० चा एकेक, न कापलेला, कोणाकडे उसना मिळेल का?

शरसंधान
५०० चा माझ्याकडे आहे. ६०० साठी ठाम_मत यांना विचारा.

ठाम_मत
आहे. परंतु तो मी कापलेला आहे.