वैशाखातील भजने आणि पखवाजाची कणीक

प्रश्न : सिंधुदुर्गातील आमच्या वाडीचे भजनी मंडळ एरवी दर एकादशीला देवळात बसते, मात्र मे महिन्यात चाकरमानी गावी आले की सत्यनारायणाच्या पूजांमुळे आठवड्यातून तीन-चार रात्री भजन करावे लागते. गेल्या वर्षी अंगणातल्या मांडवात गजर (भजनातला द्रुत लयीचा भाग) ऐन रंगात आला असताना पखवाजाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे चामड्याने मढवलेल्या तोंडावर, घुमारदार नादासाठी लावलेली कणीक सुकून गळून पडली, आणि उजवीकडच्या शाईच्या पुडीचा सूरही पेटीशी जुळेना. यावर उपाय काय करावा?

उत्तर : कणीक पोळीच्या कणकेपेक्षा सैल भिजवावी, जास्तीचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावा आणि बुवा (मुख्य गायक) अभंगाआधी आलापी करीत असताना पखवाज्याने ओला हात फिरवून घ्यावा. दमट हवेने चामडे सैल पडून सूर उतरतो, तेव्हा वाद्यांखालचे, म्हणजे चामडी पट्ट्यांखालचे, लाकडी गठ्ठे हातोडीने ठोकून तो पेटीच्या सुरापर्यंत चढवावा लागतो. पेटी काही पखवाजासाठी सूर बदलणार नाही!

उत्तर : यजमान कौतुकाने टेबलफॅन नेमका पखवाज्यावर रोखतात, हेही कणीक सुकण्याचे कारण असते. तो झांजवाल्यांकडे वळवावा. कोरसाचा घाम त्यांनाच अधिक येतो.

प्रश्नकर्ता : पंखा खरोखरच माझ्यावर रोखलेला होता. बुवांनी गार सरबतही गौळण संपेपर्यंत वर्ज्य केले आहे, ते मात्र कठीण जाते.