मदत हवी आहे: बीपीसाठी पोटॅशियमवालं मीठ चालेल का?

बाबांचं बीपी गोळी चालू असूनही वरच राहतंय, डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा, पण अळणी जेवण त्यांच्या घशाखाली उतरतच नाही. वाचता वाचता चीनमधला २०२१ चा अभ्यास सापडला, ६०० गावांतले जवळपास २१ हजार लोक, निम्म्या गावांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मीठ दिलं तर त्यांच्यात स्ट्रोक १४ टक्के कमी झाले, मला तर हे फार मोठं वाटलं. पण बाबा टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी घेतात, त्यानेही रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं ना, म्हणून जीव धास्तावलाय. अशा गोळीसोबत कोणी हे मीठ वापरलंय का, आणि डॉक्टरांनी आधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते कळायला) आणि पोटॅशियमची टेस्ट करायला सांगितली होती का? प्लीज सांगा, तोवर या मिठाचा डबा उघडत नाहीये.