१.८५ मिमीसाठी नवीन चाक घ्यायचं का? कानस, लेथ आणि सायकलचे पार्ट

कंबरतलाव_चक्कर
सोलापुरात गिअरच्या सायकलचा पार्ट लागला की पुण्याला फोन लावा, नाहीतर ऑनलाइन मागवून वाट बघत बसा. एवढं करून आलेला पार्ट बसेलच असं नाही. माझं मागचं चाक १० स्पीडचं, म्हणजे मागे दहा दातेरी चकत्यांचं. मित्राने सायकल बदलली, त्याच्याकडून ११ स्पीडचे शिफ्टर (गिअर बदलायचे खटके), डिरेलर (चेन सरकवणारा) आणि ११-२८ ची कॅसेट (चकत्यांचा संच, लहान चकतीला ११ दात, मोठीला २८) स्वस्तात मिळाली. आता अडलंय कुठं, तर ११ ची रोड कॅसेट १० च्या फ्रीहबवर (चाकाच्या ज्या भागावर कॅसेट चढते तो) १.८५ मिमी जास्त होते. कॅसेट आवळणाऱ्या लॉकरिंगचे आटेच धरत नाहीत. जो तो म्हणतो, नवीन चाक घ्या.

माझं मत सरळ आहे. कॅसेटच्या मागच्या बाजूने लेथवर तेवढं काढायचं आणि बसवायचं. पार्टला हात लावायचा नाही हे खूळ हल्लीचं. आजोबांच्या काळ्या सायकलची कॉटर पिन (पायडलचा दांडा एक्सलवर पक्का करणारी) कानस मारल्याशिवाय कधी बसली होती का? तेव्हा कुणी कंपनीला विचारत नव्हतं.

तुळजापूर_सडक
कॉटरचं उदाहरण इथे लागू नाही ओ. कॉटर घासून बसवायलाच केलेली असते. एक बाजू सपाट, माल मऊ. मिस्त्री ती सपाटी एक्सलच्या खाचेला बेताची करून घेतो, आणि दोन कॉटर एकमेकींच्या उलट बाजूने ठोकतो, नाहीतर दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत. झिजली की चहाच्या पैशात दुसरी. म्हणजे तिथे घासणं हा बसवण्याचाच भाग झाला. कॅसेट पूर्ण मापात करून येते. तिच्यावर कानस चालवणं म्हणजे ती कंपनीपेक्षा आपल्याला जास्त कळते असं म्हणणं.

पूर्वभाग
काय बे, गिरण्यांच्या गावात राहून असं बोलायचं? मागाचा पिकर (धोट्याला मारणारा तुकडा) तुटला म्हणून कुणी नवीन लूम आणला नाही. इथली अर्धी यंत्रं "बसत नाही, बसवू" यावरच चाललीत.

लेथवाला_अक्कलकोटरोड
लेथ माझा रोजचा धंदा, सायकल रविवारची. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलतो.

आधी कॅसेट उलटी करून बघा. मोठ्या चकत्या ॲल्युमिनियमच्या स्पायडरवर (मधल्या सांगाड्यावर) रिव्हेट केलेल्या असतील तर काम होतं. स्पायडरच्या मागच्या तोंडावरून १.८५ काढता येतं, ॲल्युमिनियम लोण्यासारखं कापलं जातं. पण स्वस्त कॅसेटमध्ये स्पायडरच नसतो, शेवटची पोलादी चकती स्वतःच फ्रीहबच्या खांद्याला टेकते. ती चकती जेमतेम दीड मिमीच्या आसपास जाड. तिच्यातून १.८५ काढणार कुठून?

दुसरं, हे हाताच्या कानशीचं काम नाही. तोंड एका बाजूला थोडं जरी कललं तरी कॅसेट डुगडुगणार आणि गिअर कधीच ट्यून होणार नाही. लेथच पाहिजे.

तिसरं, काढलेलं माप मोठ्या चकतीला तारांकडे सरकवतं. २८ ला बहुतेक जमतं, कारण तारा हबच्या फ्लँजपासून (त्या अडकतात त्या कडेपासून) रिमच्या मध्याकडे झुकत जातात. चकती जेवढी मोठी, तेवढी तिच्या काठापाशी जागा जास्त. २३-२५ ची असती तर मी हातच लावला नसता. बसवल्यावर सगळ्यात हलक्या गिअरवर चाक हाताने फिरवून डिरेलरचा पिंजरा तारांना लागतो का ते बघा आणि लो लिमिट स्क्रू (डिरेलर तारांकडे किती जाईल ते ठरवणारा) नव्याने लावा.

जुळे_सोलापूर_मास्तर
लेथवाल्या अण्णांचं म्हणणं बरोबर आहे, पण एवढं कशाला करायचं? दोन वाटा अशा आहेत की धातूला हातच लावावा लागत नाही.

पहिली: शिमानोची ११ स्पीडचीच ११-३४ कॅसेट येते, एचजी८०० किंवा एचजी७००. ती मुळात १० च्या फ्रीहबला बसेल अशीच केली आहे. उलट ११ च्या रोड फ्रीहबवर घालायची तर तिच्यामागे १.८५ चा स्पेसर (अंतर भरणारी रिंग) टाकावा लागतो. तुम्ही लेथवर जे करणार आहात ते कंपनीने आधीच करून ठेवलंय.

दुसरी फुकट: आहे त्या कॅसेटमधली एक सुटी चकती आणि तिचा स्पेसर काढून टाका. ११ पैकी १० चकत्या १० च्या फ्रीहबवर आरामात बसतात. चकत्यांमधलं अंतर ११ चंच राहतं, म्हणून ११ चा शिफ्टर बरोबर चालतो. एक क्लिक रिकामी जाते, ती लिमिट स्क्रूने बंद करायची. फक्त पहिली चकती काढू नका, तिच्या तोंडावरच्या दातऱ्यांत लॉकरिंग अडकते. दुसरी काढा.

कंबरतलाव_चक्कर
मास्तर, ३४ ची माझ्या डिरेलरला चालणार नाही. शिमानोच्या जुन्या १०५ चा शॉर्ट केज (आखूड पिंजऱ्याचा) आहे, ५८०० मॉडेल. त्याला २८ पर्यंतचीच परवानगी. मग हँगरला (डिरेलर जिथे टांगतो तिथे) जोड लावा, बी-स्क्रू (डिरेलर चकतीपासून लांब ठेवणारा) लांब घाला, चेन वाढवा. म्हणजे जुगाड तिथे चालतो, लेथवर केला की पाप?

आणि ११ घेऊन १० चालवायचे, तर ११ घेतले कशाला!

जुळे_सोलापूर_मास्तर
११ नंतर थेट १३ येईल, एवढाच फरक. सपाट विजापूर रोडवर तुम्ही ११-१२ मध्ये किती वेळ असता ते स्वतःलाच विचारा. जोड नको असेल तर लावू नका, माझं काही म्हणणं नाही. पण चकती आज काढली तर उद्या परत घालता येते. लेथवर गेलेलं परत येत नाही.

तुळजापूर_सडक
हेच म्हणतोय मी. आणि लेथवाल्यांसारखा कॅलिपर लावणारा माणूस शंभरात एक. बाकीचे "घासलं तर चालतंय की" एवढंच वाचणार. मग काय होतं ते सांगतो.

अँगल ग्राइंडरने चकती घासतात. दात निळे पडले की पोलादाचं पाणी गेलं, मऊ झालेले दात लवकर खाल्ले जातात. चौकोनी एक्सलवर क्रँक हलायला लागला की कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून मध्ये घालतात. पत्रा दबतो, क्रँक परत हलतो, आणि ॲल्युमिनियमचं भोक आणखी मोठं होतं. सगळ्यात वाईट म्हणजे ९-१० स्पीडच्या चेनची तीच पिन दाबून परत बसवणं. जुन्या जाड चेनला ते खपायचं. या बारीक चेनच्या पिनचं टोक कारखान्यात ठोकून फुगवलेलं असतं. एकदा बाहेर दाबली की ते टोक सोलून निघतं आणि पकड संपते. क्विक लिंक (सुटी जोडकडी) घ्या, नाहीतर जोडपिन. तुळजापूरच्या घाटात उभं राहून पायडल मारताना चेन तुटली तर माणूस थेट हँडलवर जातो.

फ्रीहबच्या खाचांत चकत्या रुतल्या म्हणून वर आलेली कड कानशीने काढा, जरूर काढा. ताकद ज्यातून जाते तिथला माल कमी करू नका.

एमआयडीसी_दुसरी_पाळी
तुमचं १०-११ वाचून मजा वाटली. आमची २२ इंची, पुढे ४४ मागे १८, एकच गिअर. आमच्याकडे "बसवणं" कसं चालतं ते पण ऐका. चेन सैल झाली की दुकानदार चाक मागे ओढतो. खाच संपली की एक जोडी कडी काढतो. कडी काढली की चेन एक इंच कमी, चाक अर्धा इंच पुढे येतं, परत ताण बसतो. गिऱ्हाईक खूश. पण चेन लांबली म्हणजे आतून झिजली. १२ इंचाला १२⅛ भरायला लागली की ती कामातून गेली, आणि जाताना चेनव्हीलचे दात आकड्यासारखे करून जाते. मग कुणीतरी दातांची टोकं घासून देतो. झीज टोकाला नसतेच, दाताच्या बुडाला असते. टोक घासून काय मिळणार?

हे पेठेपेठेत चाललंय. त्याच्यापुढे एक कॅसेट लेथवर गेली तर काय बिघडलं?

पूर्वभाग
दुसऱ्या पाळीवाल्यांशी सहमत. लेथवर जाऊ द्या कॅसेट.

लेथवाला_अक्कलकोटरोड
आणा. स्पायडर असेल तर करून देतो, मॅन्ड्रेलवर (मधल्या भोकातून धरणाऱ्या दांड्यावर) धरून, दोन-तीन हलक्या कटात. पोलादी चकती निघाली तर परत पाठवतो आणि मास्तरांची दुसरी वाट धरा. चाक पण घेऊन या, नुसती कॅसेट नको. तारांपाशी किती जागा आहे ते बघितल्याशिवाय मशीन चालू करणार नाही.

तुळजापूर_सडक
करा. फक्त विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला सांगा. तो ती कॅसेट ११ च्या चाकावर घालेल, १.८५ सैल राहील, आणि लॉकरिंग आवळूनही का हलते म्हणून डोकं धरून बसेल.

कंबरतलाव_चक्कर
त्याच्या मागे १.८५ चा स्पेसर टाकला की झालं की ओ. मास्तरांनी वर तेच सांगितलंय. मागच्या बाजूवर मार्करने लिहून ठेवतो.

तुळजापूर_सडक
मार्कर डिझेलने धुतलं की जातं. कोरून ठेवा.