वडिलांच्या पश्चात घरात उरलेल्या बंदुकीचे काय करावे?

शिवारकर (प्रश्न)

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातले, जांबोटीच्या बाजूचे शेतकरी. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर काही वर्षे बेळगावात एका बँकेच्या दारावर त्यांनी बंदूकधारी पहारेकऱ्याचे काम केले. त्या कामासाठी परवाना काढून त्यांनी बारा बोअरची दुनळी बंदूक विकत घेतली होती. गेल्या महिन्यात ते गेले. दिवसकार्य आटोपले, परंतु बंदूक आणि पिशवीभर काडतुसे माजघरातल्या कपाटात तशीच आहेत.

धाकट्या भावाचे म्हणणे असे की परवाना माझ्या नावावर करून घ्यावा, कारण रानडुकरे एका रात्रीत रताळ्याच्या सऱ्या उकरून टाकतात, भात पोसवले की गवे उतरतात आणि आम्हाला माळ्यावर बसून डबे बडवत राखण करावी लागते. शिवाय दर खंडेनवमीला वडील त्या बंदुकीची पूजा करीत, तेव्हा ती घराची खूण आहे असेही त्याला वाटते. आई मात्र पहिल्या दिवसापासून एकच सांगते आहे की ती वस्तू घरातून जाऊ द्या. कायदा काय म्हणतो आणि अशा वस्तूने घर खरोखर सुरक्षित होते का, या दोन्ही गोष्टी जाणकारांनी सांगाव्यात.

वकील, बेळगाव

आपल्या वडिलांना माझी श्रद्धांजली. आधी तातडीचे सांगतो. परवाना हा व्यक्तीच्या नावाने असतो, घराच्या नावाने नसतो. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ती बंदूक आपल्या ताब्यात असणे कायदेशीर राहिलेले नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, बंदूक आणि मोजून काडतुसे घेऊन जावे आणि बंदुकीच्या क्रमांकासह पोच घ्यावी. हे उद्या करावे, परवा नव्हे. जमा केल्याने हक्क बुडत नाही. वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो किंवा विहित मुदतीत ती विकताही येते.

शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसासाठी स्वतंत्र तरतूद आहे. मात्र त्यातही अर्ज, पोलीस चौकशी, शारीरिक व मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि ते सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी हे सर्व नव्याने द्यावे लागते. वय किमान २१ वर्षे हवे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली, एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि लग्न-वरातीत हर्षापोटी बार उडवणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंडाचा किंवा दोन्हींचा गुन्हा ठरला.

आणखी एक गैरसमज दूर करतो. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय कायद्यात आहे, परंतु बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. त्यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली वेगळी परवानगी लागते. गव्यावर गोळी झाडणारा मनुष्य पीक वाचवायला गेला आणि तुरुंगात पोचला, असे होऊ शकते.

शस्त्र बाळगणे हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही. इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले होते. त्या अपमानाची आठवण ताजी असल्याने १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो हक्क राज्यघटनेत यावा अशी दुरुस्ती घटना समितीत मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. अमेरिकेने १७९१ साली जे घटनेत लिहिले, ते आपण विचारपूर्वक लिहिले नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांबाबत चिंता व्यक्त करताना दोन देशांतला हाच फरक बोलून दाखवला.

माजी सुभेदार

हवालदार साहेबांना सलाम. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, तो बरोबर आहे. मी पलटणीत २६ वर्षे काढली आणि मला वाटते की मुलाने वडिलांचे हत्यार नावावर करून घेण्यात काही गैर नाही. आपल्याच राज्यात कोडगूमध्ये (कूर्गमध्ये) कोडवा लोकांना आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेल्या, जमिनीच्या धारकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. तिथे कैलपोळद सणाला बंदुकीची पूजा होते, जशी आपल्याकडे खंडेनवमीला होते. हत्याराने माणूस खुनी होत नाही, तो आधीच तसा असावा लागतो.

मात्र एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. शांततेच्या ठिकाणी सैनिकाची रायफल त्याच्या उशाशी नसते. ती कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रकोठीत, जमा होते, तिचा नंबर नोंदवला जातो, सकाळ-संध्याकाळ मोजणी होते आणि काढताना सही द्यावी लागते. रजेवर जाणारा जवान हातात ट्रंक घेऊन जातो, रायफल नव्हे. घरी हे कोत कोण सांभाळणार, काडतुसे वेगळ्या कुलपात कोण ठेवणार आणि दोन्ही किल्ल्या कोणाकडे राहणार, याचे उत्तर आपल्यापाशी असेल तरच पुढे जावे.

आरोग्यसेविका, खानापूर तालुका

मी गेली बरीच वर्षे वाड्या-वस्त्यांवर घरोघरी जाते. सुभेदारकाका, आपल्या कोतच्या उदाहरणानेच माझे म्हणणे सोपे झाले, म्हणून आधी आपले आभार मानते.

बंदुकीची चर्चा निघाली की आपल्या डोळ्यांपुढे चोर, दरोडेखोर किंवा डुक्कर येते. अमेरिकेत बंदुका भरपूर आहेत, तेव्हा तिथली संख्या पाहावी. २०२१ मध्ये तिथे बंदुकीने ४८,८३० माणसे गेली आणि त्यांपैकी २६,३२८ जणांनी स्वतःचाच जीव घेतला होता. म्हणजे निम्म्याहून अधिक मृत्यूंमध्ये समोर कोणी शत्रू नव्हता. आपल्याकडे घरात बंदूक नसते, परंतु कीटकनाशकाची बाटली असते, आणि तिचे काय होते ते मी पाहिले आहे. पीक गेले, सोसायटीचे कर्ज थकले, दारूवरून घरात कडाक्याचे भांडण झाले, त्या रात्री हाताशी जे सापडते त्यावर जगणे-मरणे ठरते. श्रीलंकेने अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यानंतर तिथल्या आत्महत्या निम्म्याहूनही खाली आल्या. माणसांची दुःखे काही निम्मी झाली नव्हती. टोकाचा क्षण टळला की पुष्कळ माणसे वाचतात. विष प्यालेल्याला कधी कधी बेळगावच्या रुग्णालयापर्यंत नेता येते, बारा बोअरची गोळी तेवढी सवड देत नाही.

दुसरे, जे बायका चारचौघांत बोलत नाहीत. ज्या घरात नवरा हात उगारतो, तिथे बंदूक झाडावी लागत नाही. ती भिंतीवर आहे, एवढे पुरते. आपल्या घरी तसे काही आहे असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु आपल्या आईने पहिल्याच दिवशी ती वस्तू बाहेर काढायला सांगितली, तेव्हा त्यांना विचारा की इतकी वर्षे त्यांना काय वाटत होते. उत्तर ऐकून घ्या, मध्ये बोलू नका.

शिवारकर

सर्वांचा ऋणी आहे. बंदूक आणि १४ काडतुसे आज पोलीस ठाण्यात जमा केली, पोच घेतली. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे बंदुकीचा क्रमांक पोचीवर लिहून घेतला.

एक गोष्ट मी प्रश्नात लिहिली नव्हती, ती आता लिहितो. आमच्या चुलतभावांशी बांधावरून वाद आहे. आजोबांच्या वाटणीपासून तो चालत आला आहे आणि दिवाणी दावा आमच्या लहानपणापासून तारखांवर आहे. गेल्या पावसाळ्यात बांध कोरल्यावरून धाकट्याची आणि त्यांची झटापट झाली, दोन्हीकडून तक्रारी गेल्या. धाकटा डुकरांचे नाव घेतो, पण बंदूक घरात आहे हे त्या घराला ठाऊक असावे, असे त्याच्या मनात आहे. हे मला आधीपासून कळत होते.

वकील, बेळगाव

हे आपण लिहिले ते बरे झाले. परवान्याच्या अर्जावर पोलिसांचा अहवाल मागवला जातो आणि त्यात या तक्रारी येणारच. सार्वजनिक शांततेच्या कारणावरून कलम १४ खाली परवाना नाकारता येतो. नाकारला तर अपिलाची तरतूद आहे, परंतु माझा सल्ला विचाराल तर वाद मिटेपर्यंत आपण अर्जच करू नये.

निवृत्त शिक्षक, निपाणी

मला या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा मजकूर आपल्या दुसऱ्या पत्रात दिसला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्यांपैकी ९,९६२ वाद-तंट्यांतून घडले आणि ३,७६१ वैयक्तिक वैरातून. लाभापोटी, म्हणजे लुटीसारख्या हेतूने झालेले १,८८४ होते. ज्या दरोडेखोराच्या भीतीने माणूस बंदूक मागतो, त्याच्या कितीतरी पटीने त्याला बांधापलीकडच्या, भिंतीपलीकडच्या माणसाकडून धोका असतो, आणि त्या माणसाला त्याच्याकडून. हे खून करणारे बहुतेक आदल्या दिवशीपर्यंत कोणाच्या तरी लग्नात पंगतीला बसलेले असतात. सुभेदारसाहेब, माणूस आधीच खुनी असावा लागतो हे आपले वाक्य मला म्हणूनच पटत नाही.

शाळेत असताना मी भाऊबंदकी मुलांच्या वह्यांतून वाचलेली आहे. एका घरातली दोन चुलत भावंडे एका बाकावर बसत नसत, आणि का बसत नाहीत हे त्यांना सांगताही येत नसे. जमीन पिढीगणिक वाटत जाते, बांध मात्र तेवढाच राहतो. मोजणी वेळेवर होत नाही, दावा वीस-वीस वर्षे चालतो, रात्रीच्या विजेवर पाणी पाजायला दोघेही एकाच वेळी शिवारात असतात आणि एकाच्या पोटात दारू असते. त्यात कोणीतरी चौकात म्हणतो की बांध कोरला तरी हा गप्प बसला, म्हणजे याच्यात दम नाही. मी जी दोन-तीन प्रकरणे जवळून पाहिली, त्यांत शेवटचा धक्का त्या चौकातल्या वाक्याने दिला होता. हत्यार कोयता होते, कुऱ्हाड होती. कोयत्याला जवळ जावे लागते, मधे कोणी पडू शकते, हात धरता येतो. बंदुकीत तो हात धरायला कोणी पोचत नाही.

कोडगूच्या उदाहरणाबद्दल मला आदर आहे, परंतु तिथे बंदूक कुळाच्या रीतीत, सणात आणि वडीलधाऱ्यांच्या नजरेत बांधलेली आहे. आपल्या दोन घरांत आज तशी नजर उरलेली नाही, हीच तर आपली अडचण आहे. तिथली सूट इथे उचलून आणता येईल, ती नजर आणता येणार नाही.

परवान्याच्या कायद्याने सर्व काही साधते असेही मी म्हणणार नाही. आपले बेळगाव कोल्हापूर आणि धारवाड यांच्या मध्ये आहे. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात ज्येष्ठ विचारवंत गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडात कन्नड विद्वान एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घराच्या दारात मारले. दोन्हीकडे देशी बनावटीची पिस्तुले वापरली गेली. अशा कट्ट्यांसाठी कोणी डीसी (जिल्हाधिकारी) कार्यालयात अर्ज करीत नाही. तिथे मारणाऱ्याच्या हाती पिस्तूल येण्याच्या कितीतरी आधी त्याच्या मनात कोणीतरी हे भरवलेले असते की समोरचा म्हातारा वादात हरवण्याजोगा नाही, संपवण्याजोगा आहे. बांधावरचे वैर आणि विचारांचे वैर यांत फरक पुष्कळ आहे, तरी दोन्हींत आसपासची माणसे आधी ऐकून गप्प बसलेली असतात, हे मला दिसते आणि त्याचा मला त्रास होतो. मीही काही वेळा गप्प बसलो आहे.

आपल्या कामापुरते सांगायचे तर डुकरांसाठी सौर झटका कुंपणाची चौकशी करावी. त्याचा झटका जनावराला मागे सारतो, मारत नाही. वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज पंचनाम्यासह करावा आणि प्रत्येक वेळी करावा. राहिला बांध. दोन्ही घरांनी मिळून सरकारी मोजणीचा खर्च अर्धा-अर्धा भरावा आणि दावा लोकअदालतीत ठेवण्याची विनंती दोन्ही वकिलांना करावी. तिथे तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे मोल असते आणि त्यावर अपील नसते. पहिला निरोप आपण पाठवावा. धाकट्याने पाठवला तर तो निरोप राहणार नाही.

शिवारकर

गुरुजी, आपले पत्र मी धाकट्याला वाचून दाखवले. तो काही बोलला नाही, उठून गोठ्यात गेला. आईला ताईंनी सांगितल्याप्रमाणे विचारले. ती म्हणाली की वडील रात्रपाळीला बेळगावात असत तेव्हा ती कपाटासमोरच अंथरूण टाकून झोपत असे, आम्ही मुले उठून तिकडे जाऊ नये म्हणून. आम्हाला हे इतक्या वर्षांत माहीत नव्हते.

बंदूक विकायचे ठरले आहे. वकीलसाहेब, विक्रीसाठी आईची आणि दोन्ही भावांची संमती एकाच कागदावर चालेल की प्रत्येकाचे वेगळे प्रतिज्ञापत्र लागेल, एवढे कळवावे. मोजणीच्या अर्जासाठी थोरल्या चुलतभावाला येत्या रविवारी भेटायला जातो आहे, मामांना बरोबर घेऊन.