मदत हवी आहे: अंधार पडताना दुर्बीण कुठली, ८×४२ की ७×५०?

बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर बसायचं आहे. माझ्याकडे १०×४२ आहे (म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिमी). दिवसा झकास, पण गेल्या वर्षी सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासात पाणवठ्यावरचा गवा नुसता काळा ढिगारा झाला. त्याच्या पायातले पांढरे ‘मोजे’, म्हणजे गुडघ्याखालचा पांढरा रंगसुद्धा दिसेना.

काचा पुसल्या, ट्रायपॉडवर लावून पाहिली. थरथर गेली, अंधार तसाच. मित्राची ८×४२ घेतली तेव्हा फरक जाणवला. हिशेबही जुळतो: ४२ भागिले १० म्हणजे डोळ्यात येणारा झोत ४.२ मिमी, भागिले ८ म्हणजे ५.२५. ७×५० मध्ये तो सातच्या वर जातो. पण माझं वय ५४. या वयात बाहुली तेवढी उघडत नाही, मग जादा प्रकाश वायाच ना? वर वजन गळ्यात.

चष्मा आहे, म्हणून आय रिलीफ (डोळा आणि दुर्बिणीची मागची काच यांतलं अंतर) १५ मिमीच्या खाली चालत नाही. बजेट वीस हजार. नाइट व्हिजन नको, टॉर्च तर नाहीच. दुकानात ट्यूबलाइटखाली सगळ्याच लखलखीत दिसतात!

पन्नाशी ओलांडलेल्या कुणी या दोन्ही संध्याकाळी शेजारी धरून पाहिल्यात का? ते मोजे कशातून जास्त वेळ दिसतात?